टंग-टाय: जिभेखालची शीर कापावी की थांबावं? (बाळ १९ दिवसांचं)

चिमणीची_आई
रात्री ३:१२

एका हाताने टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

मुलगी आज १९ दिवसांची. जन्मतः ३.१ किलो, चौथ्या दिवशी २.८४, काल ३.१४. म्हणजे जन्माचं वजन परत गाठायलाच अडीच आठवडे गेले. दर वेळी पाजायला पाऊण तास. पहिली पाच मिनिटं जोरात ओढते, मग सुटते, पकडते, परत सुटते. मधूनमधून टकटक असा आवाज, आपण टाळूला जीभ लावून काढतो तसा. मग झोपते. खाली ठेवलं की वीस मिनिटांत पुन्हा रड. तिने तोंडात घेतलं की माझ्या पायाची बोटं आपोआप आखडतात, इतकी कळ येते. उजव्या बाजूला चीर पडलीय. तिने सोडल्यावर निपल गोल नसतं, एका बाजूने तिरकं चेपलेलं असतं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं.

तीन जणांना दाखवून झालं. पहिल्यांनी तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाले, टंग-टाय आहे, उद्या या, कापून टाकू. दुसरे म्हणाले काही नाही, जीभ वाढते, आईने संयम ठेवावा. (संयम!) तिसऱ्यांच्या मते मागच्या बाजूची टंग-टाय आहे, वरच्या ओठालाही आहे, दोन्ही लेझरने करून घ्या. तोंड एकच, तिघांना तीन गोष्टी दिसल्या. घरी आई म्हणते कापून घे नाहीतर बोबडी बोलेल, सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला कात्री लावू नका. नवरा दोघींनाही हो म्हणतो.

ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी सांगा, नक्की कशावरून ठरवलंत?


निशाचर
रात्री ३:४०

जागीच आहे, कारण तेच. माझा दीड महिन्याचा. पायाची बोटं आखडणं वाचून हसू आलं आणि रडूही.

रडताना तिच्या जिभेचं टोक कसं दिसतं? आमच्याकडे मधोमध खाच पडून बदामासारखं दिसायचं.


जुना_बाप
सकाळी ६:५५

आमच्या थोरल्याचं नवव्या दिवशी कापलं. कापायला लागला त्यापेक्षा डायपर बदलायला जास्त वेळ लागतो. बायको म्हणाली पुढच्याच पाजण्यात फरक कळला. एवढा विचार करू नका, उरकून टाका.


केतकी
सकाळी ८:२०

स्तनपान सल्लागार म्हणून बरीच वर्षं काम करतेय, म्हणून जरा लांबण लावते.

आधी शब्दाचं. आपण सगळे ‘शीर’ म्हणतो, पण ती शीर नाही. जिभेच्या तळापासून खालच्या हिरडीकडे येणारी घडी आहे. आरशासमोर जीभ टाळूला लावा, तुमचीही दिसेल. ती असणं हा आजार नाही, ती जवळपास प्रत्येकाला असते. ती आखूड किंवा घट्ट असल्यामुळे जिभेची हालचाल अडते का, एवढाच प्रश्न. आणि तो प्रश्न बॅटरी मारून सुटत नाही, बाळ पिताना बघून सुटतो. चिमणीच्या आई, त्या तिघांपैकी कोणी तुम्हाला समोर बसवून पाजायला लावलं का? माझा अंदाज, एकानेही नाही.

पिताना काय होतं ते सांगते, म्हणजे तुमची कळ आणि टकटक एकाच जागी जुळतील. बाळ जीभ खालच्या हिरडीच्या पुढे आणतं, तिचा पन्हाळीसारखा खोलगट आकार करून स्तन धरतं आणि मग जिभेचा मधला-मागचा भाग खाली नेतं. त्याने तोंडात पोकळी होते, त्या ओढीने दूध येतं. जीभ हिरडीवर येऊ शकली नाही तर मधली गादीच गेली. हिरडी थेट लागते, निपल टाळूवर चेपतं, म्हणून ते लिपस्टिकचं टोक. आणि धरलेली हवाबंद पकड सुटली की टक्.

पण थांबा. हेच सगळं नुसती पकड उथळ असली तरीही होतं. बाळाने फक्त निपल तोंडात घेतलं, स्तनाचा भाग घेतलाच नाही, तर जीभ कितीही मोकळी असो, चीर पडणारच. म्हणून आधी पकड सुधारून बघायची. बाळाचं नाक निपलसमोर, तोंड नव्हे. ती वास घेत मान किंचित मागे टाकेल आणि मोठ्ठा आ करेल, तेव्हा हनुवटी आधी स्तनाला टेकवून तिला पाठीकडून जवळ ओढायचं. डोक्यामागून ढकलायचं नाही, त्याने हनुवटी छातीला चिकटते आणि तोंड मिटतं. तुम्ही रेलून बसलात आणि ती अंगावर पालथी असली तर जीभ पुढे यायला वजनाचीही मदत होते.

घरी बघायचं असेल तर नखं कापून हात धुवा. तिला पलंगावर झोपवा, डोकं तुमच्याकडे, पाय लांब. बोट खालच्या हिरडीवरून एका बाजूने दुसरीकडे फिरवा, जीभ बोटामागे वळते का? खालच्या ओठाला टिचकी मारल्यासारखं करा, जीभ हिरडी ओलांडून ओठावर येते का? रडेल तेव्हा जीभ निदान अर्ध्या तोंडापर्यंत उचलली जाते, की फक्त कडा वर येतात आणि मधला भाग बशीसारखा खालीच राहतो? बोट चोखायला दिलं तर जीभ बोटाला गुंडाळते की हिरडी चावते?

हे लिहून ठेवा, इथे नाही टाकलं तरी चालेल, दाखवायला नेताना उपयोगी पडेल.

दरम्यान दूध कमी होऊ देऊ नका. ती नीट उपसत नसेल तर शरीराला ‘एवढंच लागतं’ असा निरोप जातो आणि दूध आटत जातं. तिचं पिऊन झालं की हाताने किंवा पंपाने काढा, तेच चमच्याने पाजा. उजवीकडे फार दुखत असेल तर एक-दोन दिवस त्या बाजूला नुसतं काढा. आणि डायपर मोजा: या वयात दिवसाला निदान सहा ओले आणि तीन पिवळ्या शीचे. भुकेला उठेनाशी झाली, ओले डायपर कमी झाले, पिवळेपणा वाढला, तर टंग-टायची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर.


स्वरूपा
सकाळी ९:०५

जुना_बाप, ‘उरकून टाका’ हे वाचून बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

आमचं उरकलं होतं. पाच आठवड्यांचा असताना जीभ आणि वरचा ओठ, दोन्ही लेझरने. कोणी पिताना बघितलं नाही, एक फॉर्म भरून घेतला, त्यातल्या निम्म्या खुणा (ढेकर, गॅस, रात्री झोप कमी) कुठल्याही बाळाला लागू होतील. मग घरी पाठवताना सांगितलं की जखम पुन्हा चिकटू नये म्हणून दिवसातून सहा वेळा बोट घालून ताणायचं, रात्रीसुद्धा, तीन आठवडे. मी ताणायची, तो किंचाळायचा, मीही रडायची. आठव्या दिवशी माझा हात तोंडाजवळ आला की तो ओठ घट्ट मिटायचा. मग स्तन आला तरी मिटायला लागला. पिणं सुधारायला गेलो आणि होतं तेही गेलं.

शेवटी एका फिजिओथेरपिस्टने पाहिल्या पाहिल्या विचारलं, हा नेहमी एकाच बाजूला बघतो का? मानेचा एक स्नायू आखडलेला. डावीकडे मान वळत नव्हती म्हणून एका बाजूला पकड जमत नव्हती. जीभ कापून मान कशी सुटणार? अडीच महिन्यांचा होईपर्यंत बाटलीवर, मग हळूहळू अंगावर आला.

कापूच नका असं म्हणत नाहीये. आधी बाळाकडे पूर्ण बघा, नुसतं तोंडात नको.


जुना_बाप
सकाळी ९:३०

स्वरूपा, माफ करा. आमचं जिभेच्या अगदी टोकापर्यंत बांधलेलं होतं, पाहताक्षणी कळत होतं. सगळ्यांचं तसंच असतं असं धरून बोललो.


चिमणीची_आई
दुपारी १:१५

केतकीताई, अंदाज बरोबर. कोणीच पाजताना बघितलं नाही. प्रत्येक जण दोन मिनिटं.

आत्ता बघितलं. बोटामागे जीभ उजवीकडे थोडी वळते, डावीकडे नाही. ओठापर्यंत येत नाही, हिरडीवर येऊन थांबते. रडताना बशी, अगदी तुम्ही म्हणालात तशी. निशाचर, बदाम नाही, पण टोक किंचित चपटं आहे.

मान दोन्हीकडे वळते. स्वरूपा, तुमचं वाचून आधी तेच बघितलं.


पांढराकोट
दुपारी ४:५०

नवजात बाळांच्या विभागात काम करतो. इथे तपासणी होऊ शकत नाही, तेव्हा बाळाबद्दल बोलत नाही, विषयाबद्दल बोलतो.

तीन डॉक्टर तीन गोष्टी सांगतात याला कारण आहे. टंग-टायची सगळ्यांना मान्य अशी एक व्याख्याच नाही. पुढची, म्हणजे टोकाला किंवा टोकाजवळ चिकटलेली, कोणालाही दिसते. ‘मागची’ हा प्रकार मात्र दिसत नाही, बोटाला जाणवते असं म्हणतात, आणि कोणाच्या बोटाला काय जाणवेल याचा नेम नाही. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या निक्की मिल्स आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातून दाखवलं की ही काही वेगळी दोरी किंवा पट्टी नाही. तोंडाच्या तळाशी पसरलेला जो पातळ आवरणाचा थर असतो, तोच जीभ उचलल्यावर मध्ये घडी होऊन वर येतो. म्हणजे मागे ‘लपलेली दोरी’ शोधणं ही कल्पनाच डळमळीत. त्याच कामात हेही दिसलं की जिभेच्या संवेदनेच्या नसांच्या फांद्या तिथे अगदी वरवर असतात. खोल कापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही २०२४ च्या अहवालात ‘मागची टंग-टाय’ ही संज्ञा नीट व्याख्या नसलेली म्हणूनच नोंदवली आहे. वरच्या ओठाखालची घडी तर बहुतेक बाळांना असतेच, ती कापल्याने पिणं सुधारतं याला पुरावा नाही. तिथे मी स्पष्ट ‘नको’ म्हणेन.

आता कापून फायदा होतो का? २०१७ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा) आहे: पाच चाचण्या, मिळून ३०२ बाळं. आईचं दुखणं थोड्या काळापुरतं कमी होतं हे दिसलं. बाळाचं पिणं सुधारतं हे सगळीकडे सारखं दिसलं नाही. गंभीर गुंतागुंत एकाही चाचणीत नोंदलेली नाही. पुढे ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी आखली, ती १६९ बाळांवर थांबवावी लागली. तीन महिन्यांनी अंगावर पिणारी बाळं कापलेल्या गटात ८८ टक्के, न कापलेल्या गटात ८६. पण यावरून ‘फरक पडत नाही’ म्हणायची घाई नको, कारण ‘न कापलेल्या’ गटातल्या बहुतेक बाळांची जीभ मधल्या काळात कापून झाली होती. दुखऱ्या आईला ‘तू थांब, आम्ही मोजतोय’ असं किती दिवस सांगणार?

माझ्या मते जास्त बोलका अभ्यास वेगळाच. २०१९ मध्ये अमेरिकेतला एक: कापण्यासाठी पाठवलेल्या ११५ बाळांचं आधी पिणं नीट तपासलं, पाजण्याची मदत केली. त्यातल्या जवळपास ६३ टक्क्यांना कापायची गरजच उरली नाही. उरलेल्या ३७ टक्क्यांना मात्र होती, हेही तितक्याच जोरात म्हणायला हवं.


शंकासुर
संध्याकाळी ६:१०

आमच्या वेळी हे नाव कधी ऐकलं नाही. आता दर तिसऱ्या बाळाला. जीभ तीच, मग वाढलं काय? कात्रीवाल्यांचा धंदा, दुसरं काय.


पांढराकोट
संध्याकाळी ७:००

निम्मं खरं. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या तर १९९७ मध्ये हे निदान ३,९३४ मुलांचं झालं होतं, २०१२ मध्ये ३२,८३७. पंधरा वर्षांत जीभ आठपट बदलत नाही, बघणाऱ्यांची नजर बदलते. न्यूझीलंडच्या कँटरबरी भागात उलटं घडवून आणलं. तिथे २०१५ मध्ये शंभरात अकरा बाळांची जीभ कापली जात होती. सगळ्यांनी एकच मोजपट्टी वापरायची आणि आधी पाजण्याची मदत द्यायची असं ठरवलं, तर २०१७ च्या मध्यापर्यंत प्रमाण साडेतीनावर आलं.

पण उरलेलं निम्मं तुम्ही सोडलंत. विसाव्या शतकाच्या मध्याला अनेक देशांत बाटली आली आणि अंगावर पाजणं मागे पडलं. बाटलीतून दूध ओढायला जिभेची एवढी कसरत लागत नाही, त्यामुळे अडलेल्या जिभा कोणाच्या डोळ्यांवर आल्याच नाहीत. त्याआधी हे सगळ्यांना माहीत होतं. पूर्वीच्या युरोपातल्या सुइणी एक नख मुद्दाम वाढवून ठेवायच्या, ही घडी फाडायला. (आज कल्पनाही नको.) आणि ब्राझीलने तर २०१४ मध्ये कायदाच केला की प्रत्येक नवजात बाळाची जीभ तपासायची. मला तो अतिरेक वाटतो, बिनतक्रार पिणाऱ्या बाळाच्या तोंडात कशाला शोधत बसायचं?


केतकी
संध्याकाळी ७:२५

डॉक्टर, ती एक मोजपट्टी म्हणजे ब्रिस्टलचीच ना? आम्हीही तीच वापरतो. चार गोष्टी बघायच्या: टोकाचा आकार, घडी खालच्या हिरडीला कुठे जोडलीय, रडताना जीभ किती वर जाते, किती बाहेर येते. प्रत्येकाला ० ते २, एकूण ८. तीन किंवा खाली आले तर अडचण खरी. चिमणीच्या आई, तपासणाऱ्याला ‘गुण किती?’ असं सरळ विचारा. कोणत्या मोजपट्टीवर मोजलं हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या ‘उद्या या’ला घाबरायचं कारण नाही.


बोबडकांदा
रात्री ९:४५

मध्येच वेगळा प्रश्न, विषय तोच. मुलगा चार वर्षांचा. ‘बाळ’ला ‘बाय’, ‘रस्ता’ला ‘लस्ता’. नातेवाईक जीभ बाहेर काढायला लावतात आणि म्हणतात शीर आखूड आहे. कापलं की बोलणं साफ होईल का?


उच्चारवेडी
रात्री १०:३०

मी स्पीच थेरपिस्ट. हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो.

एक गाठ आधी सोडवू. बोलायला उशीर होणं आणि उच्चार अस्पष्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टंग-टायमुळे मूल उशिरा बोलतं असं नाही. शब्द सुचणं, वाक्यं जुळवणं जिभेच्या टोकावर अवलंबून नसतं. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल आणि घरचे जिभेखाली बघत असतील तर मी म्हणते आधी कान तपासा. कानात पाणी साचलेली मुलं ‘जीभ जड’ या शिक्क्याखाली वर्षभर फिरताना पाहिली आहेत.

आता उच्चार. प, ब, म ओठांचे, क, ग जिभेच्या मागच्या भागाचे. त्यांना काहीच होत नाही. टोक उचलावं लागतं ते ल, र, न, त, द यांना, आणि आपल्या मराठीचा खरा परीक्षक म्हणजे ळ. टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि झटक्यात पुढे सोडायचं. ट, ठ, ड, ण त्याच घरातले. म्हणून तुमच्यासाठी घरगुती कसोटी: तो ‘टाटा’, ‘डबा’, ‘पाणी’ स्वच्छ म्हणतो का? म्हणत असेल तर टोक वर जातंय, मागे वळतंय. जीभ अडलेली नाही, ‘ळ’ अजून बसलेला नाही इतकंच. ‘र’ आणि ‘ळ’ चांगल्या धडधाकट मुलांचेही चार-पाचपर्यंत कच्चे असतात.

मात्र वरच्या ओठाला लागलेलं चाटता येत नसेल, दाढांवर अडकलेलं जिभेने काढता येत नसेल, जीभ बाहेर काढताना टोक खाली ओढलं जात असेल, तर समोर दाखवा. आणि कापलं तरी उच्चार आपोआप येत नाहीत. मुलाने जी चुकीची जागा शिकून ठेवलीय ती मोडायला सराव लागतोच. पुढे बोबडी बोलेल या भीतीने १९ दिवसांच्या बाळाची जीभ कापणं मात्र मला अजिबात पटत नाही. त्या वयात कापायचं कारण एकच, पिणं.


बोबडकांदा
रात्री १०:४१

‘टाटा’, ‘डबा’ ठणठणीत. ‘पाणी’ तर ओरडून म्हणतो. जिवात जीव आला. पण आठवड्याभरात तुमच्या क्षेत्रातल्या कोणाला तरी दाखवतो.


चिमणीची_आई
दिवस २३, दुपारी २:३०

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

काल एका स्तनपान सल्लागाराकडे गेलो. दीड तास बसल्या होत्या. आधी तिचं वजन केलं, पाजायला लावलं, त्याच कपड्यांत पुन्हा वजन. ३५ मिनिटांत २८ ग्रॅम, म्हणजे साधारण तेवढेच मिलिलिटर. एवढी मेहनत करून एवढंच! मग पकड बदलली, रेलून बसवलं. डावीकडे कळ निम्म्यावर आली, खोटं सांगत नाही. उजवीकडे काही फरक नाही. ब्रिस्टलवर ३ गुण. टाळूही बोट फिरवून बघितला, मागे फट नाही ना म्हणून. ओठाचं विचारलं तर म्हणाल्या, ‘ओठ विसरा.’

त्यांचं मत: पकड सुधारूनही अडतंय, म्हणून कापण्याचा विचार करायला हरकत नाही. परवाची वेळ घेतलीय. आता नक्की काय करतात ते सांगा, मला आत उभं राहायचंय पण पाय लटपटतायत.


पांढराकोट
दिवस २३, दुपारी ३:४०

दोन गोष्टी आधी विचारतील, नाही विचारल्या तर तुम्ही सांगा: जन्मानंतर व्हिटॅमिन के दिलंय का, आणि घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का. यांच्याशिवाय कात्री उचलायची नाही.

बाळाला कापडात घट्ट गुंडाळतात, एक जण डोकं धरतो. काही ठिकाणी आधी साखरपाण्याचे थेंब देतात, कळ कमी लागते. दोन बोटांनी किंवा मधे खाच असलेल्या चपट्या अवजाराने जीभ उचलायची, घडी ताणली की पातळ पांढुरका पदर दिसतो. बोथट टोकाच्या कात्रीने तो एक-दोनदा छेदायचा. काही सेकंद. दोन-चार थेंब रक्त, गॉजने दाबायचं आणि लगेच आईकडे. पिणं हाच सगळ्यात चांगला दाब. या वयात भूल लागत नाही, मोठ्या मुलांना लागू शकते. घडी जाड असेल तर टाके घालून जागा मोकळी करतात, ते वेगळं आणि मोठं काम.

लेझर ‘आधुनिक’ म्हणून गळ्यात मारतील. कात्रीपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही.

दुखू नये म्हणून बेंझोकेन असलेली दातांची जेल चुकूनही लावू नका. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने अचानक घटू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना ती देऊ नये असं बजावलंय.

दुसऱ्या दिवशी जिभेखाली पांढरट-पिवळसर चौकट दिसेल, पू वाटेल. पू नाही, तोंडातली खपली अशीच ओली दिसते, आठवडा-दोन आठवड्यांत जाते. रक्त थांबत नसेल, ताप आला किंवा पिणं सोडलं तर मात्र लगेच परत. ताणण्याच्या व्यायामांची शिफारस २०२४ च्या त्या अहवालात नाही. स्वरूपा यांनी सोसलं ते इतरांनी सोसायचं कारण नाही.


स्वरूपा
दिवस २३, दुपारी ३:५८

हे वाक्य मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं.


निशाचर
दिवस २५, रात्री १:२०

झालं का? कशी आहे?


चिमणीची_आई
दिवस २६, पहाटे ५:०५

झालं. गुंडाळताना जास्त रडली, कापताना कमी. मी आत होते, पण ऐन वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सेकंदकाटा पाव फेराही फिरला नव्हता. गॉजवर नखाएवढा लाल डाग. लगेच घेतली. जादू वगैरे नाही. तशीच सुटली, तसंच टकटक. जुना_बाप, तुमच्या बायकोसारखं माझं नाही झालं, गाडीत बसून रडले.


केतकी
दिवस २६, सकाळी ७:३०

साहजिक आहे. पोटात असल्यापासून तिला एकाच तऱ्हेने जीभ हलवायची सवय, आता मोकळी झालेली जीभ वापरायला शिकेल. काहींना तासात जमतं, काहींना दोन आठवडे. पकड पहिल्यासारखीच सांभाळत राहा, दूध काढणं सोडू नका.


चिमणीची_आई
दिवस ४०, रात्री ३:२५

उशिरा लिहितेय. चौथ्या दिवशी ते पांढरं बघून मी दवाखान्यात पळणार होते, डॉक्टरांचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि बसले.

सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत विशेष काही नाही. मग एकदा दुपारी पाजता पाजता मी फोनवर काहीतरी वाचत होते आणि अर्ध्यात लक्षात आलं की पायाची बोटं सरळ आहेत. उजवी चीर भरलीय. टकटक अजून येते, पहिली धार जोरात असते तेव्हा जास्त. वजन आज ३.७२. परवा पुन्हा आधी-नंतर वजन केलं, २० मिनिटांत ६४ ग्रॅम. यातलं किती कात्रीचं, किती पकडीचं आणि किती नुसत्या तीन आठवड्यांनी मोठं होण्याचं, देव जाणे. आई म्हणते कात्रीचं, सासूबाई म्हणतात वेळेचं. नवरा अजून दोघींना हो म्हणतो.

केतकीताई, काढलेलं दूध अजून दिवसातून चार वेळा चमच्याने देतेय. ते आता कमी करू का?


केतकी
दिवस ४०, सकाळी ८:१०

एकदम नको. दुपारचं एक बंद करा, चार दिवसांनी त्याच काट्यावर वजन, दिवसाला २० ग्रॅमच्या वर राहिलं तर दुसरं. रात्रीचं सगळ्यात शेवटी.


निशाचर
दिवस ४०, सकाळी ८:१५

माझी वेळ गुरुवारी आहे. पाजताना बघणार आहेत, आधी विचारून घेतलं.